शेळीचं दूध

३ फेब्रुवारी

खोली मिळाली. खाटा दोन, माणूस एक! दुसरीवर बॅग ठेवली, अगदीच रिकामी दिसायला नको.

प्रशिक्षण म्हणजे काय, तर माणसांचे, जनावरांचे आणि पाण्याचे नमुने तपासणाऱ्यांनी एकत्र शिकायचं. "आजार कुंपण बघून येत नाही," असं मॅडम म्हणाल्या. मी आजवर फक्त माणसांचं रक्त तपासलं. शेजारी बसलेला जनावरांच्या दवाखान्यातला. म्हणाला, "तुमचे पेशंट निदान लाथा तरी मारत नाहीत!" मी म्हटलं, "मारतात की, तोंडाने." सगळे हसले. खोलीवर आल्यावर ते सांगायला कुणी नव्हतं.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी पुन्हा कणकण. सांधे ठणकतायत. दादाला फोन केला. "एकटी राहतेस ना, मन खातं तुला. जरा माणसांत मिसळ."

मिसळ म्हणे! कुणात? घरी दिवसातून एकदाच दार वाजतं. शेजारच्या काकू, शेळीचं दूध घेऊन. धारोष्ण. उंबऱ्यावर बसून शेळ्यांच्या कागाळ्या सांगतात, मी उभ्यानेच पेला संपवते. तेवढीच काय ती सोबत.

९ फेब्रुवारी

जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

११ फेब्रुवारी

आज शेळ्यांकडून माणसांना होणाऱ्या तापाची तपासणी. रक्तातल्या पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात गुलाबी औषध. आजार असला की गुठळ्या धरतात. तुलनेला निरोगी माणसाचा थेंब हवा होता. मी हात पुढे केला.

गुठळ्या धरल्या.

वर्गात हशा. बाटल्या अदलाबदल झाल्या असणार! पुन्हा केली. पुन्हा तेच. मग कुणी हसलं नाही. मॅडमनी बाजूला घेतलं. "ताप येतो?" येतो. "जनावरांत वावर?" छे! "कच्चं दूध?"

रोज एक पेला. धारोष्ण.

१४ फेब्रुवारी

पक्की तपासणीही तेच सांगते. औषधं बरेच आठवडे घ्यावी लागतील, पण बरी होईन. म्हणजे मन खात नव्हतं तर! ताप होता, नाव असलेला. आनंद व्हायला हवा होता.

काकूंना फोन केला. म्हटलं, उकळल्याशिवाय दूध पिऊ नका, कुणाला देऊ नका, शेळ्या तपासून घेऊ. "माझ्या दुधात खोट काढतेस? लेकीसारखं पाजलं तुला!" त्यांनी फोन ठेवून दिला.

२२ फेब्रुवारी

सरावासाठी मॅडमनी आमचीच गल्ली निवडली. जनावरवाला शेळ्यांचं रक्त घेत होता, पाणी तपासणारी मुलगी हौदावर बाटल्या भरत होती, मी काकूंना समजावत होते. त्या भिंतीकडे बघत होत्या.

थोरली शेळी आजारी निघाली. ठेवता येत नाही, मारावीच लागते. काकूंनी स्वतः दावं सोडून जनावरवाल्याच्या हाती दिलं. मला म्हणाल्या, "हे शिकायला गेली होतीस?"

परतताना जनावरवाला म्हणाला, "बरोबर केलंत तुम्ही." असेल.

१० मार्च

घरी. दार वाजत नाही. भिंतीपलीकडे काकू धाकट्या शेळीशी बोलतात — "आपल्याला कुणाची गरज नाही गं!" — मला ऐकू जाईल अशा बेताने.

ताप उतरलाय, सांधे मोकळे. आता नुसतंच एकटं वाटतं. शुद्ध, बिनतापाचं!

१३ मार्च

काकू आल्या. सरळ आत. बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. "घे रक्त. वर्ष होत आलं, मलाही तिन्हीसांजेला अंग मोडून येतं. वाटायचं, घरात कुणी नाही म्हणून होत असेल. सांगणार कुणाला?"