शुद्धिपत्रात छापावयाची एक नोंद

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी नोंदणी विभागात छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले आणि पुढे काय करायचे ते त्यांनाच विचारले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकेल इतके जवळचे आता एकच माणूस उरले आहे, आणि या कागदात काय आहे ते तिला ठाऊक नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. असा एखादा कागद कोणी पुढे आणला तर तो बनावट समजावा. अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या स्वकष्टार्जित कमाईचे आहे. ते मी माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला देते. अट एकच: ताबा घेण्याआधी तिने कलम ५ वाचावे. वाचून घर नकोसे झाले तर ते विकावे आणि रक्कम विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहालयाला द्यावी. त्यातून माझ्या भावाने जमवलेला संग्रह सांभाळायला एक जाणते माणूस नेमावे. संग्रह माझ्या पलंगाखाली तीन पत्र्याच्या ट्रंकांत आहे: अकराशे चाळीस कागदी पुड्या, प्रत्येकीत वाळवलेले शेवाळ, वर त्याच्या बारीक अक्षरात जागा, तारीख आणि उंची. शेवाळ म्हणजे पाण्यात तरंगते ते नव्हे. ओल्या भिंतीवर, दगडावर मऊ, हिरवे उगवते ते. हा फरक सांगितला नाही तर तो चिडायचा. ट्रंका कायद्याने भाचीच्याच आहेत, माझ्याकडे फक्त ठेवलेल्या आहेत.

भाची चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. माझे डोळे तीच तपासते. मी खालची ओळ पाठ करून ठेवते आणि ती दर वेळी तक्ता बदलते. या मुलीवर माझा जीव आहे, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचे वाचल्यावर तिला त्याची शंका येईल.

कलम २. भांडीकुंडी, कपाट, शिवणयंत्र कामाला येणाऱ्या बाईंना द्यावे. मिक्सरला फुंकर घालावी लागते, ते त्यांना माहीत आहे. बँकेतली शिल्लक माझा भाऊ जिथे शिकवत होता त्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी. वरच्या मजल्यावरच्या बाईंना मी काहीही देत नाही. त्यांनी इतकी वर्षे माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर कुंड्यांचे पाणी सोडले; ते परत करण्याची सोय कायद्यात नाही असे वकील म्हणतात.

कलम ३. माझी चित्रे काढायची साधने, म्हणजे निबांची डबी, काळ्या शाईच्या दौती आणि पितळी दांड्याचे भिंग, भाचीला. घर नको असले तरी भिंग तिने घ्यावे. ते तिच्या वडिलांचे आहे.

कलम ४. विद्यापीठाच्या मान्यवर कोशाच्या सात आवृत्त्या माझ्याकडे आहेत. सातही मी तयार केल्या, आणि सातांवरही संपादक म्हणून दुसऱ्याच कोणाचे नाव आहे. त्या रद्दीत घालायला हरकत नाही. विद्यापीठातून शिकून मोठ्या झालेल्या माणसांची कारकीर्द चाळीस ओळींत बसवायची, हे माझे काम. एका न्यायाधीशांनी स्वतःबद्दल सतरा पाने पाठवली आणि शाळेतल्या पोत्याच्या शर्यतीचे बक्षीसही सोडले नाही. इतिहासाचे एक पंडित दर आवृत्तीला फोन करून प्रतिस्पर्ध्याच्या ओळी किती ते विचारायचे. मी दोघांना सारख्याच द्यायचे आणि दोघांनाही राग यायचा. एका खगोलशास्त्रज्ञाने कोऱ्या फॉर्मवर लिहून पाठवले, "अजून काही झालेलं नाही, झालं की कळवतो." तो फॉर्म मी जपून ठेवला होता. मला हे काम फार आवडायचे. आपल्यावाचून या मोठ्या माणसांचे पान हलत नाही असे वाटायचे, आणि एका परीने ते खरेही होते.

कोशात कोणाला घ्यायचे याचा नियम मीच लिहिला: प्रपाठक किंवा त्यावरचे पद, अथवा मान्यताप्राप्त पुरस्कार. समितीने तो एका अक्षराचाही बदल न करता मंजूर केला.

कलम ५. हे कलम कबुलीजबाब समजावे.

माझे शिक्षण पदवीशी थांबले. वर्षभर वाईट वाटले, मग सवय झाली. धाकटा शिकत राहिला, आणि त्याने शिकावे असाच तो होता. त्याचे मार्गदर्शक गळ्यात दोरीला भिंग अडकवून फिरायचे, म्हणून मुले त्यांना भिंगवाले सर म्हणत. प्रबंधात त्रेसष्ट चित्रे लागणार होती आणि धाकट्याचा चित्रकलेत आनंदच होता. मग मी ऑफिसातून आले की तो सूक्ष्मदर्शकाशी बसायचा आणि मी कागदाशी. "ताई, पानाच्या कडेला दात आहेत. अंदाजे नको काढू, मोज." असे दोन वर्षे चालले. माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची दोन वर्षे कोणती असे विचारले तर मी तीच सांगेन.

प्रबंध बांधून आला. मी आधी ऋणनिर्देशाचे पान उघडले. त्यात भिंगवाले सर होते, ग्रंथपाल होते, काचपट्ट्या धुणारा शिपाई होता, आणि त्याची सायकल दुरुस्त करणारा दुकानदारही होता. मी नव्हते. मी पान दोनदा वाचले, मग मागच्या बाजूलाही पाहिले. चहा केला, पेढे वाटावेत तसे सगळ्यांना प्रबंध दाखवला. पण मनात अढी बसली ती बसली.

विद्यापीठात तेव्हा जागा नव्हती. सर त्याला म्हणाले, "जागा निघाली की मी बोलावतो. तू मागे लागू नकोस, बरं दिसत नाही." त्याने ते अक्षरशः ऐकले. एका लांबच्या गावी शाळेत विज्ञान शिकवायला लागला, आणि नवा पत्ता त्याने फक्त मला कळवला.

तीन वर्षांनी जागा निघाली. वनस्पतिसंग्रहालयाचा प्रमुख हवा होता. सरांनी आमच्या विभागाकडे चौकशीची चिठ्ठी पाठवली: या विद्यार्थ्याचा पत्ता तातडीने हवा, अर्जाला बारा दिवस उरले आहेत. त्यांच्या माजी विद्यार्थ्याची बहीण याच विभागात बसते हे त्यांना माहीत नव्हते. आमचे आडनाव इतके साधे की एकट्या कार्यालयात त्या आडनावाची चार माणसे. माझे नाव ऋणनिर्देशात असते तर त्यांना माहीत असते, असे माझ्या मनात आले आणि त्याने मला बरे वाटले. बरे वाटले, हे मी मुद्दाम लिहीत आहे.

चिठ्ठी आणणारा शिपाई म्हणाला, "बाई, सर स्वतः दारात उभे होते. म्हणाले, पोरगा सापडलाच पाहिजे."

पत्ता माझ्या पर्समध्ये होता. मी धाकट्याचे नोंदणीकार्ड काढले आणि त्यावर "ठावठिकाणा नाही" हा शिक्का मारला. शाई कमी होती म्हणून दोनदा मारला. सरांनाही तेच कळवले. आमच्या विभागात हा शिक्का बसला की कार्ड मागच्या कपाटात जाते आणि त्या माणसाला विद्यापीठाकडून पुन्हा कधीच पत्र जात नाही.

बारा दिवस होते. मी रोज ठरवायचे की उद्या सांगू. थोडा वेळ त्यालाही कळू दे, आपण कोणाच्या खिजगणतीत नसलो की कसे वाटते. तेराव्या दिवशी मी भानावर आले. जागा दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाली. ते पुढे मोठे झाले. त्यांची एक्केचाळीस ओळींची नोंद मीच लिहिली, आणि तिच्यात एकही चूक नाही. त्यांचा यात काही दोष नाही.

भिंगवाले सर निवृत्त होताना भाषणात म्हणाले, "माझा सर्वांत चांगला विद्यार्थी पत्तासुद्धा न ठेवता निघून गेला. त्याला आमची गरज नव्हती." मी मागच्या रांगेत बसले होते.  पुढच्या वर्षी सर वारले.

धाकट्याने त्या शाळेत तीस वर्षे काढली. सुट्टी लागली की एकटा डोंगर चढायचा आणि पुड्या भरायचा. एकसष्टाव्या वर्षी फुप्फुसांनी दगा दिला, तेव्हा त्याला इथल्या इस्पितळात आणले. मी एकोणीस दिवस त्याच्या उशाशी होते. सोळाव्या दिवशी तो म्हणाला, "ताई, सर मला विसरले बघ."

"कशावरून?"

"बोलावतो म्हणाले होते. मी शाळेच्या फाटकात पोस्टमनची वाट बघत उभा राहायचो. पोरं हसायची. पण त्यांचंही बरोबर असेल. माझ्यात तेवढं नसणारच."

मी सांगायला हवे होते. शब्द ओठांवर आले होते. त्याऐवजी मी विचारले, "तू प्रबंधात माझे आभार का नव्हते मानलेस?"

त्याला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग हसला. हसल्याने खोकला आला. म्हणाला, "आपल्या माणसाचे आभार कोण मानतं? तू काय परकी आहेस का?"

पाणी मागितले, प्यायला आणि झोपला. त्यानंतर तीन दिवस होते, आणि त्या तीन दिवसांतही मी काही सांगितले नाही. आपल्यात तेवढे नव्हते असे समजूनच माझा भाऊ गेला. त्याच्यात होते. त्याच्याइतके त्या विभागात कोणातच नव्हते, आणि हे सांगू शकणारी मी एकटी त्याच्या पायाशी पांघरूण सारखे करत बसले.

कलम ६. कोशाच्या पुढील आवृत्तीसाठी मी खालील नोंद देत आहे. ती एका अक्षराचाही बदल न करता छापावी.

"वनस्पतिशास्त्र. डोंगरउतारावरील शेवाळांवर प्रबंध. चित्रे त्रेसष्ट, काढणारी बहीण. शालेय अध्यापन तीस वर्षे. संग्रह अकराशे चाळीस नमुने. त्यांपैकी निदान नऊ आधी कोणी नोंदवलेले नाहीत. संग्रहालयाच्या प्रमुखपदासाठी मार्गदर्शकांनी शोध घेतला असता या विभागाने ठावठिकाणा नाही असे खोटे कळवले. बोलावले असते तर आले असते."

माझ्याच नियमाने ही नोंद कोशात बसत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ती शुद्धिपत्रात छापावी. चूक दुरुस्त होण्यासाठी माणूस मान्यवर असावा लागत नाही. सरांच्या मुलीलाही एक प्रत पाठवावी. तिच्या वडिलांना सोडून कोणी गेले नव्हते.

कलम ७. माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. निवृत्तीच्या वेळी झालेली पुरेशी होती.

कलम ८, नंतर जोडलेले. वरील मजकूर वकिलांनी तपासला. कायद्याने ठीक आहे म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तिला हे तुम्ही गेल्यावर कळणार. मग तिने भांडायचं कोणाशी?" 

म्हणून परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी मी भाचीला घरी बोलावले आणि कलम ५ मोठ्याने वाचून दाखवले. पहिल्या परिच्छेदात तिला काही ठाऊक नाही असे लिहिले आहे. ते आता खरे नाही. तिने मला मध्ये एकदाही थांबवले नाही. संपल्यावर विचारले, "बाबांना कळलं होतं?"

"नाही."

"एकोणीस दिवस होतीस ना तू तिथे?"

"हो."

तिने पलंगाखालून एक ट्रंक ओढली आणि जमिनीवर बसून पुड्यांवरचे अक्षर वाचत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शाळेतून आले की बाबा चप्पल काढायच्या आधी विचारायचे, पत्र आलंय का. मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा विचारतात."

मग ती गेली. आठ दिवस फोन उचलला नाही.

आज सहीसाठी आम्ही वकिलांच्या कार्यालयात जमलो तेव्हा ती न बोलावता आली. वेळ तिला वकिलांनी कळवली असावी. दुसरा साक्षीदार म्हणून वकिलांचा कारकून सही करणार होता. ती म्हणाली, "मी करते." साक्षीदाराला त्याच मृत्युपत्राखाली काही घेता येत नाही, घर हातचे जाईल, भिंगसुद्धा मिळणार नाही, असे वकिलांनी तिला दोनदा समजावले. ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणूनच करते. घर बाबांच्या पुड्यांना जाऊ दे."

म्हणून कलम १ मधील दुसरी तजवीज लागू समजावी आणि भिंग संग्रहासोबत जावे. हे कलम मी वकिलांच्या टेबलावर, त्यांच्याच पेनाने लिहीत आहे. सही झाल्यावर घरी येशील का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "आधी सही कर, आत्या."

वरील सर्व मजकूर माझा आहे, तो मी राजीखुशीने लिहिला आहे, आणि त्यातले मला काहीही मागे घ्यायचे नाही.

स्थळ: वकिलांचे कार्यालय, दुसरा मजला.
दिनांक: महिन्याची चौदा तारीख, मंगळवार.

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार पहिला: मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर व सावध आहेत. व्यवसाय: डॉक्टर. नाते: नाही. (सही)

साक्षीदार दुसरा: मी हा कागद सबंध वाचला आहे. यांनी माझ्यासमोर सही केली. करताना मी त्यांच्या मनगटाला खालून आधार दिला. सही त्यांचीच आहे. व्यवसाय: चष्म्याचे नंबर तपासणे. नाते: त्यांच्या भावाची मुलगी. (सही)