दोन्ही बाजूंना साधं द्रावण

सोमवार, ४ मार्च
नवी नोकरी, नवं गाव, आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा पहिला दिवस. निघताना लेक म्हणाली, डबा विसरू नकोस आणि रडू नकोस. प्रयोगशाळा लख्ख आहे. माझं काम काचेच्या पट्टीतल्या केसाएवढ्या नळ्यांचं. एका बाजूने रसायन सोडायचं, दुसऱ्या बाजूने साधं द्रावण. मधल्या जागेत रसायन एकीकडे दाट, दुसरीकडे विरळ होत जातं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी दाट बाजूकडे सरपटतात. अंगात शिरलेला जंतू त्या अशाच माग काढून गाठतात आणि गिळतात. रक्त आम्हा काम करणाऱ्यांचंच, आळीपाळीने.

गुरुवार, ७ मार्च
पडताळणीसाठी कोरी पट्टी लावली, म्हणजे दोन्ही बाजूंना साधं द्रावण. पेशींनी वाट फुटेल तिकडे जायला हवं. सगळ्या डावीकडे गेल्या. पट्टीतच दोष असेल म्हणून ती उलटी फिरवली. पेशी मागे वळल्या, पुन्हा डावीकडेच. डावीकडे माझी खुर्ची आहे.

शुक्रवार, ८ मार्च
खुर्ची उजवीकडे नेली. पेशी उजवीकडे आल्या. डबा विसरले होते, म्हणून दुपारी जेवायला घरी गेले आणि शेजारच्या टेबलावरच्या तंत्रज्ञ मुलीला लक्ष ठेवायला सांगितलं. (ती ताडमाड उंच, म्हणून सगळे तिला बारकी म्हणतात.) तेवढा वेळ पेशी सैरावैरा भटकल्या म्हणे. सर हसून म्हणाले, बाई, तुम्ही गुळाची ढेप दिसता. द्रावण माझ्याच हातून बिघडलं असणार. सगळं नव्याने करते.

मंगळवार, १२ मार्च
नव्याने करूनही तेच. रक्त सरांचं असो वा बारकीचं. माझ्या स्वतःच्या पेशी तेवढ्या जागच्या हलत नाहीत.
बारकी आज सारखी माझ्याजवळ येऊन उभी राहत होती. काय काम होतं, ते तिला आठवेना. सरांची खुर्चीही अलीकडे सरकल्यासारखी वाटते. की माझ्याच मनाचे खेळ?

शनिवार, १६ मार्च
लेक हल्ली माझ्याजवळ झोपते. एवढी मोठी झाली तरी नव्या गावात एकटं वाटत असेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. आज सकाळी जाग आली तेव्हा तिचं तोंड माझ्या खांद्यावर टेकलेलं होतं. उघडं. डोळेही उघडे.

सोमवार, १८ मार्च
लेकीच्या बोटातलं रक्त आणलं. आणायला नको होतं. तिच्या पेशी सरपटल्या नाहीत — धावल्या.
ताईला फोन केला, लेकीला काही दिवस तुझ्याकडे ने. कारण सांगता आलं नाही.

बुधवार, दुपार
प्रयोगशाळेत. आतून कडी. काचेपलीकडे सर, बारकी, आणि ताईसुद्धा — न्यायला आली, ती गेलीच नाही. कुणी रागावलेलं नाही. पुढे लेक. म्हणते, "आई, काही नाही करत गं. नुसतं जवळ बसू दे."

पांढऱ्या पेशी उगाच कुणाला तोंड लावत नाहीत. घातक असेल त्यालाच —
मग यांचंच बरोबर असेल तर? मी कोण —
काच खरवडतेय. नखं रक्ताळलीत तिची —

कडी काढली. मीच म्हटलं, ये. तिचा हात कोमट आहे. रडतेय. माझ्या खांद्याव—