सोनेरी नळ

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आमची कंपनी पाडली, त्या मोकळ्या प्लॉटवर आज मुलगा मला सॅम्पल फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. त्याला बुक करायचाय. चारी बाजूंना गवत आणि मध्येच तो चकचकीत डबा. गेटजवळचा गुलमोहर तेवढा उभा आहे, म्हणून जागा ओळखली. इथंच आम्ही वीस-बावीस बायका पंपांच्या मोटारींच्या तारा गुंडाळायचो. बायकांना संडास नव्हता. मागच्या गवतात जायचो. सुपरवायझर म्हणायचा, "घरनंच जाऊन येत जा." शेवटी एका दुपारी सगळ्याजणी मशीन बंद करून त्याच्या केबिनबाहेर बसलो, तेव्हा कुठं पत्र्याचा एक मिळाला.

आज त्याच जागी बाथरूम! टब काय, सोनेरी नळ काय. टायवाला सेल्समन त्या नळावरून बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होता. "मॅडम, इथे आधी काहीच नव्हतं." काहीच नव्हतं म्हणे! मग आम्ही कोण होतो, गवत?

शुगरमुळे मला फार वेळ धरवत नाही. म्हटलं, जरा जाऊन येते. तर हा दारात आडवा. "मॅडम, कनेक्शन नाहीये. फक्त दाखवायला आहे."

सोनेरी नळ, आणि थेंब नाही पाण्याचा! वर विचारतो, कसा वाटला फ्लॅट?

म्हटलं, "आमचा पत्र्याचा होता बाबा, पण त्याला पाणी होतं."

मुलगा मान खाली घालून उभा. आणि मी? साडी सावरत गेले मागच्या गवतात.