बटूचं दूध आणि आतली कडी

वल्लरी,

तू कंपनीच्या बसमधून उतरून येशील तेव्हा घरी कोणी नसेल. आधी बटूला दूध पाज. त्याचा खालचा जबडा पुढे आलेला असल्याने दूध ओघळतं. बाटली हळू धर, मान फार वर करू नकोस, ठसका लागतो. वाकड्या पायांच्या पट्ट्या सोडून बघ. कातडं सोललं असेल तर खाली कापूस घाल. घोडीजवळ सोडू नकोस, ती त्याला चावते.

दुपारी तुझा भाऊ राजस फावडं घेऊन पागेत आला. म्हणाला, "पिकनिकला पोरं छोट्या घोड्यांवर बसायला येतात बाबा, असलं लुळं शिंगरू बघायला नाही. तुम्ही आत जाऊन वाचत बसा." पहिला घाव बटूचा कान फाडून गेला. दुसऱ्यासाठी त्याने हात उचलला, तेव्हा मी लोखंडी पाइप त्याच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो पडल्यावर पाठीतही एक घातला. तो फटका नको होता, असं वाटतं; पण खात्री नाही.

शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलंय. मी चौकीवर जातो आहे. तिथे मला धड बोलता येईल की नाही, कोण जाणे.

प्लास्टर घालून त्याला आजच सोडतील. डावा हात शाबूत आहे, आणि मी घरी नसेन. तुझ्या खोलीला आतून कडी नव्हती, ती आत्ता बसवली. स्क्रू तिरके गेलेत, पण दार ओढून पाहिलं, धरतं. बटूला आत घे आणि कडी लाव.

बाबा