निळ्या काचेची शमादानं

मी, खाली सही करणारी, काचकारखान्यातल्या यंत्रवाल्याची विधवा, कानांनी जरा अधू पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं. हे शांतपणे लिहिते आहे. राग तोच आहे.

एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलीला. माडीवरची खोली मात्र माझी धाकटी बहीण हयात असेपर्यंत तिच्याकडे राहील. बहिणीला घराबाहेर काढलं, असं लोकांनी म्हणायला नको.

दोन. यजमानांची काच कापायची कात्री जावयाला. त्याला तिचा काही उपयोग नाही, पण त्याने मागितली होती.

तीन. निळ्या काचेची शमादानांची जोडी. जुन्या वस्तूंचा व्यापारी हल्ली तिच्यासाठी खेटे घालतो, पण ती झाली कशी हे त्याला ठाऊक नाही. वितळलेला गोळा लोखंडी साच्यात उतरला की यजमान तो कात्रीने तोडत आणि यंत्राचा दांडा ओढून दाबत. काच कमी पडली तर कड अपुरी राही, जास्त झाली तर माल बेढब होई. खालची बैठक आणि वरची मेणबत्तीची वाटी वेगवेगळी निघे. वाटी सळईवर धरून धाकटी शेजारी उभी असे. मध्ये तापलेल्या काचेचा थेंब घालून दोघं ती जोडत. हात जरा चुकला की सांधा वाकडा. त्यांचा कधी वाकडा गेला नाही. मी पलीकडे पेंढ्यात माल बांधता बांधता दारातून बघत असे. लग्न माझ्याशी झालं होतं. पण माझ्याबरोबर त्यांचा हात असा कधी जुळला नाही, साधी चादर घडी करतानासुद्धा.

ते गेल्यावर धाकटीने एकदाच विचारलं, "ताई, त्यातलं एक मला देशील?" मी नाही म्हणाले.

चार. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून शमादान तिला कधी मिळू नये, या बेताने आज मी मुद्दाम धाकटीलाच साक्षीला खाली बोलावलं; खोलीचा शब्द मुलीने मला वेगळा दिला आहेच. ती चष्मा पुसत बसली. मी विचारलं, "इतकी वर्षं यंत्रापाशी काय बोलत होतात गं दोघं?"

"बोलणार काय? काच थंड व्हायची. ते 'आण' म्हणायचे, मी आणायचे." मग पेन उचलत म्हणाली, "जेवणाची सुट्टी झाली की ते हात धुऊन तडक तुझ्याकडे पळायचे. मी भट्टीपाशी एकटीच डबा खायचे. फार जळायचे गं तुझ्यावर."

मला किती बरं वाटलं, ते इथे लिहिण्याजोगं नाही. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"राहू दे. समोरच्या शिंप्याला हाक मार."

सबब, एक शमादान धाकटीला. दुसरं मुलीला, मावशीने कितीही गोड बोलून मागितलं, तरी तिने ते देऊ नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे.

सही: थोरली

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. ~~धाकटी बहीण~~ (खोडलं, मीच. थोरली) समोरचा शिंपी
२. वकीलबाई

स्थळ: राहत्या घराची खालची खोली
दिनांक: सात मार्च, शनिवार