दोन नंबरचा वास

९ जाने. १९८९, सिल्वासा
शेठ लॅबमध्ये आले. माझा आफ्टरशेव्ह मनगटावर घेतला, हुंगला, डोळे मिटले. मला वाटलं, झालं, पसंत! डोळे उघडून म्हणतात, "बेन, सरस छे. पण उठत नाही." म्हटलं, उठायला तो काय धूर आहे? तर म्हणे, "हे तर नाक लावलं तर कळतं. माणूस दारातून आत आला की खबर पडली पाहिजे."
दोन वर्षं खपले या वासावर. वाळा, थोडा दवणा, तंबाखूच्या पानाचा नुसता भास. बाजारात आणतो म्हणाले होते. आता उठत नाही!

११ जाने.
शेठनी मुंबईहून तयार वास मागवला. डबा उघडला तर पॅकिंगच्या बायका दारातून विचारतात, काय सांडलं? गोड, त्यात लिंबू, त्यावर परत गोड. दिवसभर डोकं धरलं.
म्हणे आता लोकांनाच विचारू. माझा एक नंबर, मुंबईचा दोन नंबर. जास्त लोकांना आवडेल तो काढायचा, दुसरा कायमचा बंद. संतापाने डबा तसाच घरी परत आणला. जेवणाचा. वासाला कसलं मतदान घेतात?

१३ जाने.
जेवणाच्या सुट्टीत कागदाच्या पट्ट्या वाटल्या. मशीनवरचा सुपडू, धुळ्याकडचा. एक नंबरची पट्टी नाकाशी धरून उभा राहिला, मग उलटी करून बघितली. वास मागच्या बाजूला असेल म्हणून! दोन नंबर घेतला मात्र, "बाई, हाऊ भारी शे!" गावी गेलो की एस.टी.तून उतरतानाच सगळ्यांना कळलं पाहिजे, म्हणाला, सुपडू सिल्वासाहून आला.
त्याच्यावर राग नाही. खोटं कशाला लिहू, त्याच्यावरही आहे.

१५ जाने., रविवार
काल संक्रांत. दिवसभर गोड बोला, गोड बोला. गोडाचा वीट आलाय.
आज विनायकबरोबर दादऱ्याच्या बागेत. होडीच्या रांगेत, बाकांवर, भेळेच्या गाडीपाशी, जिकडे जावं तिकडे पुरुष दोन नंबरच्याच भावंडांचे वास मारत फिरताहेत. एकालाही स्वतःचं नाक नसावं? वि.ला म्हटलं, इथे माणसासारखा वास येणारा तू एकटा.
हसून भेळ आणायला गेला.
एक नंबर मी त्याच्या मानेवरच तर बसवला. लग्न झाल्यापासून रोज दाढीनंतर, कमी, जास्त, परत कमी. मंगळवारी शाळेत पट्ट्या नेतो म्हणालाय, शिक्षकांच्या खोलीत वाटायला. शिकलेली माणसं आहेत. बघू.

१७ जाने.
वि. शाळेतून आला.
"काय म्हणाले?"
"दोन."
"सगळे?"
"सगळे."
"तू?"
खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागला. एका नाडीला एवढा वेळ लागतो होय?

१८ जाने.
सकाळी उठल्या उठल्या भांडण.
"तुझा वास चांगला आहे गं. पण तो लावला की कुणी विचारत नाही."
"कुणी विचारायला हवंय?"
"कुणीही! पी.टी.च्या सरांना सगळे विचारतात, काय लावलंय. मला कोण विचारतं?"
मग जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते. "मला कसला वास यावा ते तू ठरवायचं आणि मी मान पुढे करायची. लग्न झाल्यापासून करतोय."
म्हणजे याने सोसलं! माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम याने पथ्यासारखं सोसलं! त्याच्या बोलण्यात खरं किती, ते बघायला मी आज बसणार नाही. डबा दिला नाही. खाऊ दे कँटीनचं.

२१ जाने.
दोन नंबर जिंकला. शेठनी पेढे वाटले. "मनाला लावून घेऊ नका, बेन. मालाला उठाव पाहिजे." वर मेहरबानी केल्यासारखं, एक नंबरमध्ये थोडं गोड घाला, तोपण काढू, भारीतल्या बाटलीत. सोमवारी सांगा. नाहीतर बंद.
म्हटलं, वाळ्यात साखर कोण घालतं?
"बधा! सगळेच घालतात. वाळ्याचं सरबत."
सरबत खरंच गोड असतं, त्याचा राग वेगळाच.
वि. आज दोन नंबर लावून शाळेत गेला. माझ्याच पर्समधली नमुन्याची बाटली. विचारलं म्हणे लोकांनी. घरी आला तो चेहरा असा खुललेला की

जाऊ दे.

२२ जाने., रविवार
आंघोळीनंतर चिडून एक नंबर स्वतःला लावला. मानेला, मनगटांना, चांगला भरपूर. निदान एका माणसाने तरी हौसेने लावावा.
पोळ्या करत होते. वि. पाणी प्यायला आत आला आणि थांबला.
"हा कुठला? लेडीज काढताहेत का तुमच्याकडे?"
मी लाटत राहिले.
"छान आहे. खरंच छान आहे. हा काढा म्हणावं शेठना." मान वाकवून परत हुंगला.
रोज सकाळी याच्या मानेवर होता तो. ओळखला नाही!
तव्यावरची पोळी करपली. लाटणं फेकून मारावंसं वाटलं आणि हसूही येत होतं, तेही रागानेच. सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. सांगितलं की तोंड बारीक करेल, आणि परत कधी असा हुंगायला येणार नाही.
"नाव काय याचं?"
"अजून ठेवलं नाही."
उद्या सोमवार. शेठना काय सांगायचं ते ठरत नाहीये, आणि हा पाणी पिऊन झालं तरी ओट्यापाशीच उभा.