लक्षद्वीपच्या यादीतलं नाव

अण्णा, तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि माझा राग अजून जागच्या जागी आहे. दादाकडे दर श्राद्धाला तुमचं पान वाढतानाही तो असतो. आज लिहूनच टाकते.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ऐंशीच्या दशकातली रत्नागिरी ती. मुलगी भाट्याच्या पुळणीवर एकटी दिसली तरी ती घरी पोचायच्या आत बातमी पोचायची. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी नाताळच्या सुट्टीत लक्षद्वीपला जायचं ठरवलं. नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे आमच्या पाठीवर हवेची टाकी बांधून आम्हाला पाण्याखालचे प्रवाळ दाखवणार होते. पाच मुलगे, दोन मुली. दोन महिने मी दुसरं काही बोलतच नव्हते. स्वयंपाकघरात जमिनीवर नकाशा पसरून आईला दाखवते आहे, इथून एस्टीने मिरज, तिथून रेल्वेने कोचीन, पुढे बोट. कानाच्या डॉक्टरांचा दाखला आणला. ताक पिता पिता तुम्ही विचारलंत, "टाकीतली हवा किती वेळ पुरते?" मी म्हटलं, "पाऊण तास." तुम्ही मान डोलावलीत आणि संमतीपत्रावर सही केलीत. माझे वडील इतरांसारखे नाहीत, असं मी मैत्रिणीला सांगून आले.

निघायच्या आठ दिवस आधी सरांनी प्रयोगशाळेत मला बाजूला घेतलं. "काल तुझे वडील घरी आले होते. नाव काढायला सांगून गेले. म्हणाले, मुलीचीच इच्छा नाही. मला सांगायला संकोच वाटला का गं?"

घरी आले तेव्हा तुम्ही पडवीत सुपारी कातरत होतात.

"अण्णा, मी असं कधी म्हटलं?"

अडकित्ता थांबला नाही. "मग काय सांगू त्यांना? बापाला भीती वाटते म्हणून?"

"मला तरी सांगायचं होतंत!"

"तू ऐकली असतीस?"

आत आई भाकरी थापत होती, तिचाही हात थांबला नाही. दादाला सतराव्या वर्षी एकट्याला मुंबईला धाडलंत, तेव्हा नाही वाटली भीती. सही करताना धीट बाप तुम्ही, आणि नाही म्हणायची वेळ आली तेव्हा भित्री मी! सरांनी पुन्हा मला कुठल्याच सहलीला विचारलं नाही. बाकीचे गेले, उन्हाने काळे होऊन आले, महिनाभर माशांच्या रंगांवरून भांडत राहिले. पुढे चिपळूणच्या शाळेत मी तीस वर्षं प्रवाळ शिकवले, पुस्तकातल्या चित्रावरून. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही बघितलेत?" दर वर्षी "नाही" म्हणताना मला तुमचा अडकित्ता ऐकू यायचा.

आणि एक. प्रयोगशाळेत सर बोलले तेव्हा राग नंतर आला. आधी हायसं वाटलं. तेव्हा मी मिरजोळ्याला आतेच्या विहिरीत बुडी मारायचा सराव करत होते, आणि दहा आकडे मोजून व्हायच्या आत घाबरून पायरी धरत होते. हे कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित मीच नाही म्हटलं असतं. पण ते मी म्हणायचं होतं, अण्णा, तुम्ही नव्हे. हायसं वाटल्याचं मात्र, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे.